क्वार्टेट ऐकताना पहिलं व्हायोलिन सोडून द्या

प्रश्न असा आला आहे: ‘आयुष्यभर हिंदुस्थानी शास्त्रीय संगीत ऐकलं. निवृत्तीनंतर दर सोमवारी संध्याकाळी बीबीसी रेडिओ ३ वर लंडनच्या विग्मोर हॉलमधली दुपारची मैफल ऐकायला लागलो. पियानो आवडतो, गाणंही आवडतं. पण चार तंतुवाद्यांचं स्ट्रिंग क्वार्टेट लागलं की दहा मिनिटांत लक्ष उडतं. सगळं एकसारखं, कोरडं वाटतं. भाजी चिरता चिरता ओट्यावर मोबाइल ठेवून ऐकतो. नेमकं काय ऐकायचं? नोटेशन शिकावं का? आणि प्रत्यक्ष मैफलीला न जाता नुसत्या रेडिओवर हे संगीत कळतं का?’

भाजी चिरण्याला माझी हरकत नाही, मोबाइलला आहे. चेलोची सगळ्यात जाड तार सुमारे ६५ हर्ट्झला लागते, व्हायोलाची १३१ ला. मोबाइलचा चिमुकला स्पीकर साधारण तीनशेच्या खाली मान टाकतो. म्हणजे चौघांतला सगळ्यात खालचा वादक तुमच्या ओट्यापर्यंत धड पोचतच नाही. त्याचे वरचे स्वयंभू स्वर पोचतात, त्यावरून मेंदू अंदाज बांधतो, पण वजन येत नाही. गायकाचा आवाज बहुतांशी मोबाइलच्या टप्प्यात बसतो, म्हणून गाणं तरून जातं. क्वार्टेट पायासकट ऐकलं नाही तर ते कोरडंच लागणार. साधे, कानावर नीट बसणारे तारेचे हेडफोन घ्या, किंवा मोबाइल घरातल्या जुन्या म्युझिक सिस्टिमला जोडा. निम्मी तक्रार तिथेच मिटेल.

उरलेली निम्मी तक्रार कानाच्या सवयीची आहे, आणि ती सवय चांगल्या संगीताने लावलेली असल्यामुळे सुटायला जड जाते.

मी व्हायोला वाजवते. व्हायोलिनहून थोडा मोठा, पंचमाच्या अंतराने खाली लागणारा, आवाजाला जरा घोगरा. क्वार्टेटमध्ये माझी जागा मधली. मैफल संपल्यावर लोक पहिल्या व्हायोलिनवाल्याला भेटतात, चेलोवाल्याला ‘काय आवाज आहे हो’ म्हणतात, आणि मला विचारतात, ‘हे व्हायोलिनच ना?’ तेव्हा मी सांगते त्यात थोडा स्वार्थ आहे असं समजा, पण सांगते: क्वार्टेट कळायचं असेल तर काही दिवस पहिलं व्हायोलिन ऐकणं सोडून द्या.

तुम्ही ज्या मैफलींवर वाढलात तिथे एक मुख्य कलाकार असतो. तबला, पेटी, तानपुरा त्याच्या साथीला. कान आपोआप मुख्य आवाज शोधतो आणि बाकीचं त्याच्याभोवती लावून घेतो. क्वार्टेट लागलं की तुमचा कान तेच करतो. सगळ्यात वरचा, सगळ्यात चमकदार आवाज पहिल्या व्हायोलिनचा, त्याला तो गायक ठरवतो, उरलेल्या तिघांना साथीला बसवतो. मग निराशा होते, कारण या ‘गायका’ला आलाप नाही, बढत नाही, चार मात्रा काहीतरी बोलून तो गप्प बसतो किंवा नुसता एक सूर धरून राहतो. तो गप्प झाला की तुम्हाला वाटतं, भरणा चालला आहे. खरी गोष्ट त्या वेळी दुसऱ्या कुणाच्या तरी हातात गेलेली असते.

याचा रोकडा पुरावा हवा असेल तर चेक संगीतकार ड्वोर्झाकचं ‘अमेरिकन’ क्वार्टेट लावा. १८९३ च्या उन्हाळ्यात आयोवा राज्यातल्या स्पिलव्हिल या चेक वस्तीच्या खेड्यात सुट्टीवर असताना त्याने ते लिहिलं. ड्वोर्झाक तरुणपणी प्रागच्या नाटकगृहाच्या वाद्यवृंदात व्हायोला वाजवून पोट भरत असे, त्यामुळे आमची जात त्याला ठाऊक होती. सुरुवातीला वर दोन्ही व्हायोलिनं हलकी झिलमिल धरतात, खाली चेलो षड्ज धरून बसतो, आणि मुख्य चाल येते व्हायोलावर. तिचे सूर मोजा: सा, रे, ग, प, ध. भूपाचे पाच स्वर! तुमचा कान तिथे चटकन घरी येईल. तो भूप नव्हे, चलन वेगळं आहे, तुम्ही नाक मुरडाल हेही मला माहीत आहे. पण चेलोने धरलेला तो खर्ज तानपुऱ्याचंच काम करतो आणि काही क्षण तुम्हाला ओळखीची जमीन मिळते. काही मात्रांनी तीच चाल पहिलं व्हायोलिन उचलतं. बहुतेक श्रोत्यांना तिथे ‘आता चाल सुरू झाली’ असं वाटतं. तुम्हाला आधीच कळलेलं असेल.

पण ओळखीची ती जमीन फार वेळ राहत नाही, आणि हिंदुस्थानी कानाला खरी अडचण तिथे येते. आपला षड्ज एकदा लावला की मैफलभर तोच. पाश्चात्त्य संगीतात षड्जच हलतो. मूर्च्छनेचा खेळ तुम्ही ऐकला असेल: गवई गाता गाता गंधाराला किंवा पंचमाला सा मानतो, क्षणभर दुसऱ्या रागाची सावली पडते आणि तो परत येतो. आपल्याकडे ती चमत्कृती आहे. हायडन-मोत्झार्ट या अठराव्या शतकातल्या रचनाकारांकडे अख्खा डोलारा त्यावर उभा आहे. मेजर, म्हणजे ढोबळमानाने शुद्ध स्वरांच्या सप्तकातल्या, रचनेचा पहिला भाग असेल तर बहुधा सुरुवात एका षड्जावर, मग थोड्या वेळाने पंचमालाच षड्ज करून तिथे मुक्काम, मग मधल्या टापूत दोन-चार अनोळखी षड्जांवर भटकंती, आणि शेवटी मूळ घरी परत. तानपुरा नसल्यामुळे हे कुणी तुम्हाला सांगत नाही. सांगतो तो चेलो. तो खाली कुठे पाय ठेवतो ते ऐका. तो पायऱ्या उतरायला लागला, एकाच सुरावर हट्टाने अडून बसला, की समजा घर बदलायची तयारी चालली आहे. म्हणून पहिला महिना चेलो. गाडीच्या आवाजात, पंख्याच्या घरघरीत हे जमत नाही. त्याला शांत खोली लागते.

चेलोची सवय झाली की मधले दोघे. दुसरं व्हायोलिन आणि व्हायोला. यांचं काम काय ते मोत्झार्टच्या ‘डिसोनन्स’ क्वार्टेटच्या पहिल्या ओळीत एवढं उघडं पडतं की मी विद्यार्थ्यांना तेच वाजवायला लावते. १७८५ सालचं, हायडनला अर्पण केलेल्या सहांपैकी शेवटचं. चेलो एकटाच षड्ज घेतो, हळूहळू, ठोक्या-ठोक्याने, आवाज अगदी कमी. त्यावर व्हायोला येतो कोमल धैवतावर. मग दुसरं व्हायोलिन, कोमल गंधारावर. आत्तापर्यंत काळोखी पण सुसंगत जागा तयार झालेली असते. व्हायोला कोमल धैवतावरून पंचमावर उतरतो न उतरतो, तोच सगळ्यांच्या वर पहिलं व्हायोलिन शुद्ध धैवत लावतं. कानात कोमल धैवत अजून रेंगाळतोय आणि डोक्यावर शुद्ध येऊन बसला. तुम्ही मैफलीत दचकून शेजाऱ्याकडे पाहाल असा प्रकार. यात पहिल्या व्हायोलिनने केलं काय? एक साधा सूर लावला. नुसतं तेच ऐकलंत तर काहीच घडलेलं नाही. अर्धा क्षण आधी व्हायोला काय बोलून गेला ते ऐकलं असेल तरच त्या सुराला धार आहे. ही अंधारी सुरुवात बावीस मात्रागटांची. ती संपली की एकदम लख्ख सी मेजर उघडतं, आणि तो उजेड कळायला आधीचा काळोख मधल्या आवाजांतून ऐकलेला असावा लागतो.

माझ्या बाजूने हा सूर कसा लागतो तेही सांगते. कोमल धैवत मी तारेवर जराही घासून घेत नाही. गज आधी तारेवर टेकवून ठेवायचा, चेलोच्या ठोक्यांत मिसळून जाईल असा ओढायला सुरुवात करायची, म्हणजे सूर ‘आला’ हे कळायच्या आधी तो तिथे असतो. आणि पंचमावर उतरताना घाई केली तर सगळा डाव फसतो, शुद्ध धैवत मोकळ्या जागेत पडतो आणि टक्करच होत नाही. दोन चांगल्या क्वार्टेट मंडळींची ध्वनिमुद्रणं एकामागून एक ऐकून पाहा. एकीत तो धैवत बोचेल, दुसरीत नुसता चमकून जाईल. ‘एकच रचना परत परत काय ऐकायची’ असं तुम्ही लिहिलं नाहीत, पण बरेच जण विचारतात, यासाठी ऐकायची.

पुनरावृत्तीचा आणखी एक फायदा रचनाकारानेच करून ठेवला आहे. हायडन, मोत्झार्ट, सुरुवातीचा बेथोव्हन यांच्या पहिल्या भागात सुरुवातीचा मोठा तुकडा जसाच्या तसा दोनदा वाजतो. दुसऱ्या खेपेला चाल तुम्हाला माहीत असते. तेव्हा ती सोडा आणि मधले दोघे काय करताहेत त्याकडे कान लावा. फुकटात मिळालेली उजळणी आहे. रेडिओवर मात्र एक गंमत असते: कार्यक्रमाचा वेळ मोजका, म्हणून ध्वनिक्षेपणाच्या आधी निर्माता आम्हाला हमखास विचारतो, ‘रिपीट घेणार का?’ आमच्या उत्तरावर त्याची मिनिटं ठरतात. एकदा ‘घेणार’ म्हटलं की ऐनवेळी विचार बदलता येत नाही. निवेदकाने किती बोलायचं हे त्यावर बेतलेलं असतं.

आता रेडिओबद्दल. ‘नुसत्या रेडिओवर कळतं का’ या प्रश्नाचं माझं उत्तर बहुतेकांना आवडत नाही: क्वार्टेटच्या बाबतीत रेडिओवर पुष्कळदा हॉलपेक्षा जास्त कळतं. वाद्यवृंद रेडिओवर लहान होतो. ऐंशी माणसांचा दणका हेडफोनमध्ये मावत नाही, मावल्याचं नाटक होतं. चार माणसं मावतात. हे संगीत मुळात दिवाणखान्यात, पाच-दहा जणांसमोर वाजवायला लिहिलेलं, आणि कित्येकदा समोर कुणीच नसताना, चौघांच्या हौसेसाठी. मायक्रोफोन तुम्हाला त्या चौघांच्या जवळ नेऊन बसवतो. हजार-दीड हजार खुर्च्यांच्या सभागृहात मागच्या रांगेत बसून माझा व्हायोला तुम्हाला कधीच असा ऐकू येणार नाही.

विग्मोर हॉल याला अपवाद, कारण तो हॉलच लहान आहे. साडेपाचशेच्या आसपास खुर्च्या. बेख्श्टाइन या जर्मन पियानो कंपनीने आपल्या शोरूमशेजारी तो बांधला, १९०१ मध्ये उघडला, नावही बेख्श्टाइन हॉल. पहिलं महायुद्ध सुरू झालं, जर्मन मालमत्ता म्हणून जप्ती आली, १९१६ मध्ये लिलाव झाला आणि १९१७ मध्ये रस्त्याच्या नावावरून विग्मोर हॉल म्हणून तो पुन्हा सुरू झाला. पियानो विकायला बांधलेल्या खोलीला इतका अचूक घुमारा कसा लाभला यावर वादक मंडळी तासन्‌तास बोलू शकतात. मंचावर कुजबुजल्यासारखं वाजवलं तरी शेवटच्या रांगेत पोचतं, आणि त्यामुळेच तिथे वाजवताना काही लपत नाही.

तुम्ही ऐकता ती सोमवारची मैफल लंडनच्या दुपारी एकला असते. म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं पुढे जातात, मग ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेपाच. हे विसरून दरवर्षी एप्रिलमध्ये बरेच जण अख्खी मैफलच चुकवतात. शिवाय विग्मोर हॉल स्वतःच्या वेबसाइटवर आणि यूट्यूबवर बऱ्याच मैफली चित्रासह फुकट दाखवतो. महिन्यातून एखादी मैफल तिथे पाहाच, कारण कोण कुणाकडे बघतंय हे दिसलं की ऐकू येणाऱ्या कितीतरी गोष्टींचा उलगडा होतो.

थेट ध्वनिक्षेपणात काय काय ऐकू येतं ते नीट लक्ष देऊन ऐका. सगळ्यात आधी श्वास. रचना सुरू होण्यापूर्वी पहिला व्हायोलिनवाला नाकाने झटकन श्वास घेतो, तो आमचा इशारा. त्या श्वासातच लय असते, जोर असतो. संथ भागाआधी तो लांब आणि हलका, चपळ भागाआधी छोटा आणि कोरडा. काही श्रोत्यांना हा आवाज खटकतो, ते बीबीसीला पत्रं लिहितात. मला विचाराल तर तो ऐकू आला नाही की मला चुकल्यासारखं होतं. मग पानं उलटण्याची सळसळ; हल्ली पुष्कळ जण टॅब्लेटवरून वाजवतात आणि पायाखालच्या पेडलने पान पुढे सरकवतात, त्यामुळे ती कमी झाली आहे. चेलोची लोखंडी टोकदार काठी लाकडी मंचात रुतलेली असते. जोरात वाजवताना मंचच थरारतो आणि तो थरार मायक्रोफोनमध्ये उतरतो. बूट वाजतात. खुर्ची करकरते, म्हणून सकाळच्या तालमीत आधी खुर्च्या तपासायच्या. माझ्या हातात बांगडी किंवा घड्याळ नसतं, कानात लोंबतं काही नसतं. व्हायोला मानेशी धरल्यावर डूल लाकडावर टिकटिकतो आणि तो घरोघरी ऐकू जातो.

हेडफोनमध्ये माणसं कुठे बसली आहेत तेही कळतं. बहुतेक ठिकाणी पहिलं व्हायोलिन तुमच्या डाव्या कानाशी, दुसरं त्याच्या आतल्या बाजूला, उजव्या टोकाला चेलो किंवा व्हायोला. दोन्हींपैकी कोण टोकाला हे मंडळींगणिक बदलतं. काही जण दोन्ही व्हायोलिनं समोरासमोर बसवतात, मग सवाल-जवाब डाव्या-उजव्या कानांत स्पष्ट वेगळे होतात. पहिल्या दोन मिनिटांत ही बैठक मनाशी पक्की करा, नंतर ‘आता कोण बोललं’ हा गोंधळ होत नाही.

रेडिओला शांततेची भीती असते. काही सेकंद आवाज आला नाही की यंत्रणा ‘प्रक्षेपण तुटलं’ असं समजून धोक्याची सूचना देते, काही केंद्रांवर आपोआप दुसरी ध्वनिफीत सुरू होते. आणि हायडनने १७८१ मध्ये याच शांततेवर एक अख्खी थट्टा रचून ठेवली आहे. ओपस (रचनाकाराच्या प्रकाशित रचनांचा क्रमांक) ३३ मधलं दुसरं क्वार्टेट, टोपणनाव ‘द जोक’. शेवटचा भाग म्हणजे एक उडती, खोडकर चाल, ती परत परत येते. शेवटाजवळ अचानक संथ, गंभीर काहीतरी मध्येच घुसतं. मग तीच चाल येते, पण तुकड्या-तुकड्याने. एक तुकडा, थांबा. दुसरा तुकडा, थांबा. चारही तुकडे झाले, चाल पूर्ण झाली, सगळं संपलं. आधीपेक्षाही मोठी शांतता. लोक टाळ्या वाजवायला लागतात. आणि मग हळूच, कुजबुजत, पहिला तुकडा परत. तेवढाच. चाल जिथे सुरू होते तिथे रचना संपते. हे थेट वाजवताना आमचं निम्मं लक्ष प्रेक्षकांवर असतं आणि आत काचेमागे निर्माता निवेदकाकडे हात उंचावून बसलेला असतो, ‘अजून नाही, अजून नाही’. तुम्ही रेडिओवर ऐकाल तेव्हा त्या शेवटच्या शांततेत हॉलमधलं दबकं हसू ऐकू येतं का बघा. ध्वनिमुद्रिकेवर हे मिळत नाही. स्टुडिओत हसायला कुणी नसतं.

बेथोव्हनच्या ओपस १३१ ची अडचण उलटी. १८२६ मध्ये पूर्ण झालेलं हे क्वार्टेट सात भागांचं, सुमारे चाळीस मिनिटांचं, आणि मध्ये एकदाही थांबायचं नाही. मंचावरच्या दिव्यांची ऊब, घामेजलेली बोटं, तारा हळूहळू उतरतात. इतर रचनांत दोन भागांमध्ये आम्ही खुंट्या पिळून घेतो. इथे सोय नाही. उतरलेल्या तारेवर बोट तेवढं वर सरकवून सूर लावायचा, आणि मोकळी तार शक्यतो टाळायची. चौघांच्या तारा वेगवेगळ्या उतरलेल्या असतात, तेव्हा शेवटच्या भागापर्यंत आम्ही सतत एकमेकांशी जुळवून घेत असतो. थेट प्रक्षेपणात अखेरच्या भागातला तो खडबडीतपणा ऐकून कुणी ‘बेसूर’ म्हणू नये एवढीच इच्छा. मला स्वतःला तो गुळगुळीत ध्वनिमुद्रणापेक्षा प्रिय आहे. तुम्ही मात्र ओपस १३१ आत्ताच ऐकू नका. शेवटच्या बेथोव्हनपासून सुरुवात करा असं सांगणारी माणसं भेटतील, त्यांचं ऐकून पुष्कळांनी क्वार्टेट कायमचं सोडलेलं आहे.

निवेदनाबद्दलही बोलायला हवं. साप्ताहिक कार्यक्रम दोन प्रकारचे. एक, मैफल जशीच्या तशी, आधी-नंतर दोन मिनिटं माहिती. दुसरा, वादकांना स्टुडिओत बोलावून वाजवून घेणं आणि मध्ये मध्ये गप्पा. दुसऱ्या प्रकारात माझ्या माहितीत अमेरिकेतल्या ‘सेंट पॉल संडे’ला तोड नाही. मिनेसोटाच्या सार्वजनिक रेडिओने १९८० मध्ये सुरू केलेला हा कार्यक्रम पंचवीस वर्षांहून जास्त चालला. सूत्रधार बिल मॅक्लॉफलिन स्वतः वाद्यवृंदात ट्रॉम्बोन वाजवलेला, वाद्यवृंदाचं संचालन केलेला माणूस, त्यामुळे त्याचे प्रश्न वादकाचे असत: हीच जागा परत वाजवून दाखवता का, या वेळी फक्त खालचे दोघे? असा प्रश्न विचारला की पाच मिनिटांत जे कळतं ते पानभर चरित्र वाचून कळत नाही. रचनाकार त्या वर्षी कुणाच्या प्रेमात होता आणि त्याला कोणता आजार होता हे सांगत बसणारं निवेदन मी आवाज बंद करून घालवते.

जून २०२० मध्ये मात्र मी एकेक शब्द ऐकत होते. टाळेबंदीत युरोपातली सभागृहं बंद पडलेली असताना विग्मोर हॉल आणि रेडिओ ३ यांनी महिनाभर आठवड्याचे पाचही दिवस दुपारी एकला रिकाम्या हॉलमधून थेट मैफली केल्या. १ जूनला पियानोवर स्टीफन हफ, बाखची शाकॉन ही मूळ एकट्या व्हायोलिनची रचना बुसोनीने पियानोसाठी केलेली, आणि शुमानची फँटसी. प्रेक्षक म्हणजे कापड आणि माणसं, ती आवाज शोषून घेतात. ती नसल्यावर घुमारा लांबतो, शेवटचा सूर विरायला जास्त वेळ लागतो. हेडफोनमध्ये तो फरक सरळ कळत होता.

आता काय ऐकायचं. ड्वोर्झाक आणि हायडन वर आलेच. शूबर्टचं ‘ट्राउट’ पंचक घ्या, त्यात पियानो आहे, तुम्हाला आधार वाटेल, आणि डबल बेस असल्यामुळे खालचा पाया ठसठशीत ऐकू येतो. स्मेटानाचं पहिलं क्वार्टेट, १८७६ चं: सुरुवातीलाच व्हायोला ओरडून उठतो (इथे माझा स्वार्थ पुन्हा), आणि शेवटच्या भागात सगळं आनंदात चाललेलं असताना पहिलं व्हायोलिन एक अतितार, शिट्टीसारखा सूर धरून ठेवतं. दोन वर्षांपूर्वी स्मेटाना ठार बहिरा झाला होता. कानात घुमणारा तो आवाज त्याने तसाच लिहून ठेवला. ब्राम्स थोडा लांबवा, त्याच्याकडे मधले आवाज इतके दाट विणलेले असतात की सुरुवातीला चिखल वाटतो. उलट बार्टोकला घाबरू नका. त्याच्या १९२८ च्या चौथ्या क्वार्टेटचा चौथा भाग अख्खा बोटांनी तारा छेडून वाजतो, काही ठिकाणी तार इतकी ओढून सोडायची की ती पट्टीवर आपटते. लयीचा कान तयार असलेल्या माणसाला तो ब्राम्सपेक्षा लवकर भावतो, असा माझा अनुभव आहे.

आणि शूबर्टचं सी मेजर पंचक, दोन चेलोंचं. १८२८ मध्ये, मृत्यूच्या थोडे आधी लिहिलेलं. जाहीरपणे वाजलं ते १८५० मध्ये. पन्नास मिनिटांच्या वर लागतात, म्हणून तासाच्या कार्यक्रमात ते एकटंच असतं आणि त्या दिवशी निवेदकाला फारसं बोलायला मिळत नाही. त्याचा दुसरा, संथ भाग ही तुमची परीक्षा. वर पहिलं व्हायोलिन तुटक-तुटक दोन-चार सूर टाकतं. खाली दुसरा चेलो बोटाने तार छेडतो. कान सवयीने या दोघांकडे धावेल, कारण तेच ‘काहीतरी करताना’ ऐकू येतात. चाल त्यांच्याकडे नाही. ती मधल्या तिघांकडे आहे: दुसरं व्हायोलिन, व्हायोला, पहिला चेलो. इतकी संथ की आमचा गज एका सुराला पुरता पुरत नाही, श्वास रोखून तो वाचवावा लागतो. त्या तिघांवर कान टिकवता आला तर वरचं व्हायोलिन म्हणजे नुसते शेरे आहेत हे आपोआप कळेल.

प्रत्यक्ष ऐकायची संधी भारतात कमी, पण नाहीच असं नाही. मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रात सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचे वादक छोट्या गटांत वाजवतात, गोव्यात जुन्या गोव्याच्या टेकडीवरच्या माँत चॅपलमध्ये दरवर्षी महोत्सव होतो. परंपराही परकी नाही. झुबिन मेहतांचे वडील मेहली मेहता यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला, बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेटही चालवलं. पुढे अमेरिकेत गेल्यावर कर्टिस क्वार्टेटमध्ये ते दुसरं व्हायोलिन वाजवत. आणि गोव्यात चर्चच्या शाळांत व्हायोलिन शिकलेली मंडळी मुंबईच्या फिल्मी स्टुडिओंत बसली. जुन्या हिंदी गाण्यांत गायकाच्या मागे व्हायोलिनांची जी वेगळीच ओळ चालते, तिच्याकडे तुमचा कान नकळत गेलेला असणारच. तोच कान इथे हवा आहे.

नोटेशनचं म्हणाल तर शिकायची गरज नाही. हौस असेल तर आयएमएसएलपी या संकेतस्थळावर जुन्या रचनांच्या छापील प्रती फुकट मिळतात. चार ओळी एकाखाली एक असतात. सगळ्यात खालची चेलोची. सूर वाचता आले नाहीत तरी ठिपके वर चढताहेत की खाली उतरताहेत एवढं डोळ्याला दिसतं. त्या एका ओळीवर बोट ठेवून ऐका. बोट हरवलं तर पुन्हा पहिल्यापासून. मधल्या ओळींना हात लावू नका, ओळीच्या सुरुवातीला सुरांच्या जागा ठरवणारी खूण व्हायोलाची निराळी असते आणि ती वाचताना व्हायोलिनवालेही अडखळतात.